दुसऱ्या टाकीचा काटा

आमचे हे ट्रकचे मिस्त्री. त्यातही दोन टाक्यांच्या ट्रकचे. डिझेलचा काटा खोटं बोलायला लागला, पहिली टाकी संपून दुसरी सुरू होईना, की लोक यांनाच शोधत येतात. तीस वर्षं झाली, बोनेट उघडायच्या आधीच यांचं निदान तयार. आणि ते चुकलं असं कोणी नुसतं सुचवलं, तरी घरात दोन दिवस अबोला!

गेली दोन-तीन वर्षं यांना कमी ऐकू येतं. हे मी सांगते. ते कबूल करत नाहीत. त्यांच्या मते लोकच पुटपुटायला लागलेत. मग कोणी काही विचारलं की हे सरळ मान हलवतात. एकदा मी विचारलं, "अहो, माझ्या आईला कायमची इकडे घेऊन येऊ का?" मान हलली. आई आली. तिच्या बॅगा उतरवताना यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण मान तर यांनीच हलवली होती!

तर परवा मी जेवणाचा डबा घेऊन गॅरेजवर गेले, आणि बघते तो एक निळा ट्रक तिसऱ्यांदा परत आलेला. मागची टाकी काठोकाठ भरलेली, पण बटण दाबून त्या टाकीवर गेलं की काटा शून्यावर. काट्यावर विश्वास ठेवून ट्रकवाला आणखी भरायला गेला तर डिझेल रस्त्यावर. यांनी दोनदा व्हॉल्व्ह बदलला होता. बटण दाबल्यावर इंजिन आणि काटा दोन्ही एका टाकीवरून दुसरीवर नेतो तो व्हॉल्व्ह, गाडीच्या पोटाखाली असतो. ट्रकवाला भडकलेला. त्याच्या अकरा गाड्या आमच्याकडेच येतात. "मिस्त्री, आज झालं नाही तर सगळ्या गाड्या दुसरीकडे," म्हणाला आणि समोर चहा प्यायला गेला.

हे गाडीखाली शिरले. मला म्हणाले, "चढ वर, बटण दाब."

मी दाबलं. खालून टक् आवाज आला.

"हाही मेला!" हे खालून ओरडले.

"अहो, वाजला की!"

"कुठे वाजला? दाब परत."

टक्.

"मेलाय गं. नवा आणावा लागणार."

मी कपाळावर हात मारला. टक् झालं तर व्हॉल्व्ह ठीक, मग वायर बघायची, हे यांनीच मला जेवता जेवता शंभरदा ऐकवलंय. म्हणजे दोन धडधाकट व्हॉल्व्ह भंगारात गेले होते! माझं डोकंच फिरलं. खाली उतरले, चांगल्या कपड्यांनिशी गाडीखाली सरपटले, यांचा हात धरून व्हॉल्व्हवर ठेवला आणि वर जाऊन तीनदा बटण दाबलं. मग वाकून बघितलं तर हे उताणे, हात तसाच वर.

"तीनदा दाबलंस ना?"

"हो."

"बोटाला जाणवलं. ऐकू नाही आलं गं मला."

'मी सांगत नव्हते का?' असं म्हणायची मी किती दिवस वाट बघत होते! पण "वायर बघा आता," एवढंच म्हटलं.

मागच्या टाकीची अर्थिंगची वायर गंजून लोंबत होती. घासून जोडली, तर काटा सरळ फुलवर. ट्रकवाला आला, इंजिन चालू केलं, दुसऱ्या टाकीवर चालवून बघितलं आणि खिडकीतून विचारलं, "काय निघालं?"

हे नुसतं 'व्हॉल्व्ह' म्हणाले असते तरी त्याला पटलं असतं.

"वायर," हे म्हणाले. "व्हॉल्व्ह चांगले होते. मला ऐकू येत नाही."

इंजिनाच्या धडधडीत त्याला काही कळेना. "काय?"

यांनी छाती भरून श्वास घेतला. "मला ऐकू येत नाही!"

गल्लीतल्या सगळ्या गॅरेजांमधली ठोकाठोक थांबली. लोक वळून बघायला लागले. हे लालबुंद झाले, पण मान खाली घातली नाही.

ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि यांच्या कानाशी येऊन ओरडला, "उद्या दुसरी गाडी पाठवतो! बटण दाबायला वहिनींना बोलावून ठेवा!"