आतोबांच्या पोर्चचे खांब

कुणाच्याही घरी गेल्यावर माणसांच्या आधी खांबांची विचारपूस करणारा गृहस्थ उभ्या ग्वाल्हेरमध्ये एकच आहे, आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे. आम्ही त्यांना आतोबा म्हणतो. बाजारात मडकं वाजवून घ्यावं तसे आतोबा खांब वाजवतात. बोटांची पेरं मारायची, कान लावायचा, डोळे मिटायचे. "दगड बोलतो रे, बस, सुननेवाला पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. माझ्या बहिणीच्या लग्नात मॅरेज गार्डनचा दिमाखदार पांढरा खांब त्यांनी असाच वाजवला. तो निघाला फायबरचा. खांब डुलला, वरची फुलांची परडी व्याह्यांच्या फेट्यावर आली, आणि आतोबा शांतपणे म्हणाले की आपल्याला आवाजावरूनच शंका आली होती.

या छंदाचं मूळ त्यांच्या माधवगंजातल्या घराच्या पोर्चमध्ये होतं. घर नवं बांधलं, पोर्चवर छत टाकलं, पण खांब कशाचे करायचे ते काही ठरेना. म्हणून छत लाकडी बल्ल्यांच्या टेकूवर उभं राहिलं ते वर्षानुवर्षं तसंच. लोखंडाचे खांब म्हणजे तुरुंग, संगमरवराचे म्हणजे दवाखाना, आणि सिमेंटचे तर काय, सगळेच करतात. मिस्त्री अधूनमधून चक्कर टाकायचा. "बाबूजी, अब तो बल्लियों में पत्ते निकल आएँगे," म्हणायचा. आतोबा त्याला चहा पाजून परत पाठवायचे.

हाल व्हायचे ते आत्याचे. तिचे गुडघे गेलेले, सराफा बाजारापर्यंत जाणंही बंद झालेलं. रस्त्यावरची ये-जा बघत पोर्चमध्ये चहा प्यावा एवढीच तिची हौस उरली होती. पण टेकूखाली बसायची तिला भीती वाटे, आणि धरायला खांब नसल्याने पायऱ्याही उतरवत नसत. "मी आहे तोवर एक कप चहा पिऊ द्या हो तिथे," ती म्हणायची.

शेवटी आतोबांना साक्षात्कार झाला. आपले पूर्वज दख्खनचे, तेव्हा खांबही दख्खनच्या काळ्या दगडाचेच हवेत. स्वतः आतोबा कधी भुसावळच्या पुढे गेलेले नाहीत, पण 'आमच्याकडचा दगड' असं म्हणायचे की जणू कालच तिथे जेवून आलेत. नमुन्याचा एक खांब ट्रकमधून आला आणि अंगणात उभा राहिला, तोही नेमका मे महिन्यात. भर दुपारी आत्या माझा हात धरून पायऱ्या उतरली, कौतुकाने बघायला जवळ गेली, आधाराला तिने खांब धरला आणि तळवा चांगलाच पोळला. आतोबा कितीतरी वेळ तिच्या हातावर माठातलं पाणी ओतत राहिले. त्यांचा चेहरा असा पडला होता की मला हसूही येईना. आत्याच शेवटी म्हणाली, "पाच पिढ्या झाल्या आपल्याला इथे. दगड तरी इथला घ्या ना."

दुसऱ्या दिवशी ते तिला रिक्षातून कंपू मोहल्ल्यातल्या दगडवाल्याकडे घेऊन गेले. ग्वाल्हेरचा तो फिकट, भुरकट दगड उन्हात पडला होता. आतोबांनी आयुष्यात पहिल्यांदा दगड वाजवला नाही. "तू हात ठेव," म्हणाले. आत्याने बरा असलेला हात ठेवला, आणि तो तसाच राहू दिला. लवकरच खांब उभे राहिले. त्यातल्या एकाला धरून आत्या पायऱ्या उतरली आणि पोर्चमध्ये बसून चहा प्याली. त्या दिवशी आतोबांनी दोनदा नाक शिंकरलं आणि दगडाच्या धुळीला दोष दिला.

गेल्या जानेवारीत गेलो, तर तो काळा खांब पोर्चसमोर उन्हात आडवा टाकलेला, आणि दोघं त्याच्यावर बसून चहा पीत होती. थंडीत ऊन धरून ठेवावं तर यानेच, असं आतोबा मला कौतुकाने सांगत होते. बोलता बोलता सवयीने त्यांनी पेरं मारली आणि वाकून कान लावला. जरा जास्तच वेळ लावला.

"काय म्हणतोय?" आत्याने विचारलं.

"काही नाही. मला ओळखत नाही तो."

आत्याने आपल्या कपातला अर्धा चहा त्यांच्या कपात ओतला.