दिरांची कंदुरी

माझे पती आणि धाकटे दीर पुलाच्या कामावर बिहारात गेले, ओल धरलेल्या एकाच खोलीत राहिले आणि दोघंही वाळूमाशी चावून होणारा काळा आजार घेऊन गावी, साखऱ्याला परतले. पतींना ताप आधी आला. टायफॉइड समजून औषधं चालली. खरं नाव कळलं तेव्हा उशीर झाला होता. पुढे दिरांना ताप आला, तेव्हा काय शोधायचं ते डॉक्टरांना ठाऊक होतं. त्यांना मोठ्या शहरात नव्या उपचाराच्या चाचणीत घेतलं. ते बरे झाले.

आता ते घोरतात, ओला टॉवेल खाटेवर टाकतात, म्हणून जाऊ कुरकुर करते. त्या कुरकुरीचा मला हेवा वाटतो.

तिनं दर्ग्याला बकऱ्याच्या जेवणाचा, कंदुरीचा नवस बोलला होता. दुःखाच्या घरात वर्षभर नवस फेडत नाहीत. वर्षश्राद्ध झालं आणि ती माझ्याजवळ येऊन बसली.

“आक्का, करू का आता? बाबानं वाचवलं ह्यांना. पर तुमी हो म्हणल्याबिगर न्हाई.”

“बाबा काय सलाईन लावून राहिला व्हता का?” पलीकडे बसलेले दीर हसले. “वैनी, तुमी एवढं वाचता. सांगा, मी काहून वाचलो?”

मी सांगितलं. जंतू गिळून मारणाऱ्या पेशी शरीरात असतात. काळ्या आजाराचा परजीवी त्यांच्याच पोटात लपतो. म्हणून औषध चरबीच्या सूक्ष्म थेंबांत भरून देतात. पेशी ते थेंब गिळतात, औषध थेट त्याच्यापर्यंत पोचतं. सोबतचं दुसरं इंजेक्शन त्या सुस्तावलेल्या पेशींना लढायला उठवतं.

“म्हंजे दादाला बी येळेवर...”

“गप ऱ्हावा!” जाऊ म्हणाली.

“बहुतेक वाचले असते,” मी म्हणाले.

दोघांनी माना खाली घातल्या. मला जरा बरं वाटलं.

“ऱ्हाऊ द्या मग कंदुरी,” जाऊ पुटपुटली.

“करा,” मी म्हणाले. नाही म्हटलं असतं, तर माझ्या मनातलं गावाला कळलं असतं.

आमच्यात कंदुरीचं पहिलं पान थोरल्या सुनेनं वाढायचं असतं. ते मी दिरांना वाढलं. शेवटी शेवटी पतींची पानथरी, म्हणजे प्लीहा, एवढी सुजली होती की दोन घासांत पोट भरायचं. दीर मात्र रस्सा ओरपत होते, घाम पुसत होते.

“हळू खा की, कुनी पळवून न्हाई न्यायलं,” जाऊ ओरडली.

“वैनी, अजून एक भाकर,” ते म्हणाले.

मी वाढली. ती संपेपर्यंत मी समोरून हलले नाही.