आबांना चालवणारं इंग्रजी

ताईनं इंग्रजी बोलायला शिकायचं ठरवलं तेव्हा आबा खाटेवर होते. आबा म्हणजे आमचे वडील. वडगाव निंबाळकरच्या शिवारात कालव्याचं पाणी पाळीपाळीनं शेतांना सोडणारे पाटकरी. सगळा जन्म कालव्याच्या कडेनं पायी हिंडण्यात गेला, आणि सन पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमारास झटका येऊन डावी बाजू लुळी पडली. जीभही जड झाली होती. राग मात्र होता तसाच होता.

ताई बारामतीच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. मी तिच्याहून सहा वर्षांनी धाकटी. बारामतीलाच इंग्रजी घेऊन बी.ए. करत होते, त्यामुळे घरात सगळ्यांत शहाणी मीच, निदान माझ्या मते. आखातातल्या एका हॉस्पिटलसाठी नर्स निवडायला माणसं पुण्याला येणार होती. ताईचं तिथं जमलं तर आबांचे उपचार नीट होणार होते आणि माझं कॉलेज सुटणार नव्हतं. अडचण एकच होती, पेशंटशी इंग्रजीत बोलता यायला हवं होतं.

मी आधी व्याकरणाचं पुस्तक काढलं. ताईनं दोन दिवसांत ते मिटलं. "पेशंटला काळ शिकवायचाय का मला? त्याला उठवायचंय, बसवायचंय, चालवायचंय. तेवढं सांग."

ते मी सांगायला लागले तेव्हा माझीच पंचाईत झाली. इंग्रजीत एकच 'गेट' घ्यायचा आणि त्याला अप, डाउन, इन, आउट असं काहीतरी जोडायचं, की माणूस उठतो, उतरतो, आत शिरतो, नाहीतर हाकलला जातो. ताई वैतागली. खाटेवरून आबा म्हणाले, "सोपं हाय की. पानी एकच आस्तंय. दार कंचं उघडलं, तिकडं जातंय." माझ्या प्राध्यापकांनाही हे इतक्या थोडक्यात सांगता आलं नव्हतं.

त्या दिवसापासून आबा आमचे पेशंट झाले. तोवर व्यायामाचं नाव काढलं की ते भिंतीकडे तोंड करायचे. मराठीत सांगितलं की "गप बस, कळतंय मला." पण ताई कामावरून आली, हातपाय धुऊन खाटेशी उभी राहिली आणि "सिट अप, आबा," म्हणाली की ते दात ओठ खाऊन उठून बसायचे. लेकीचा अभ्यास बुडायला नको ना! 'लाय डाउन' झालं, 'टर्न ओव्हर' झालं. 'गेट अप'ला पंधरा दिवस लागले. मग ताई पुढ्यात उलट्या पावलांनी सरकायची, मी काठीच्या बाजूला राहायचे, आणि ताई म्हणत राहायची, "गो ऑन, आबा. गो ऑन." आधी उंबऱ्यापर्यंत, मग अंगणातल्या हौदापर्यंत. हौदाला हात लागला तेव्हा आई दाराआड जाऊन रडली. मी पण रडले, उगाच का लपवू.

शेवटचा धडा होता बऱ्या झालेल्या पेशंटला निरोप देण्याचा. मी सांगितलं, "गो होम म्हण." ताईला ते म्हणवेना. आमच्या घरात कुणी कुणाला 'जा' म्हणत नसे. निघणाऱ्यानं 'येतो' म्हणायचं आणि घरच्यांनी 'या' म्हणायचं. आबा तर पाण्याची पाळी उरकून परतणाऱ्या शेतकऱ्यालासुद्धा 'या' म्हणत.

"आजारी मानसाला जा म्हनायचं व्हय गं?" आबा म्हणाले. "मला न्हाय चालायचं."

"मग कम बॅक म्हणते," ताई म्हणाली. मला ते किती गोड वाटलं! हॉस्पिटलात परत ये असं कुणी कुणाला सांगत नाही, हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आणि त्यातली एक इंग्रजी घेऊन बी.ए. करत होती.

मुलाखत देऊन ताई पुण्याहून संध्याकाळच्या एसटीनं परतली ती रडवेलीच. सगळं नीट झालं होतं. शेवटी निवड करणाऱ्यांतली एक बाई पेशंट होऊन बसली आणि म्हणाली, मी बरी झाले, मला निरोप दे. ताईनं हसून तिचा हात धरला आणि सांगितलं, "कम बॅक सून." सगळे खो खो हसले. बाईनं कारण विचारलं. ताईला जेवढं जमलं तेवढं ती बोलली, आमच्या घरी कुणी जात नाही, सगळे येतातच.

"गेलं सगळं," ताई म्हणाली. त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या शहाणपणानं तिचं वाटोळं केलं असं वाटत राहिलं.

तीन आठवड्यांनी निवड झाल्याचं पत्र आलं. आनंद झाला, आणि त्याच दिवसापासून घरात कुणी नीट जेवेना. दोन वर्षं ती येऊ शकणार नव्हती.

निघायच्या दिवशी सकाळी जीप दारात उभी राहिली. आबा काठी घेऊन चौकटीशी आले होते. ताईनं पाया पडायला वाकून त्यांचा डावा पाय धरला, लुळा होता तो, आणि उठेचना. "मी न्हाय जात आबा," ती म्हणाली. "तुमाला कोन चालवंल?"

मी होते, आई होती, पण ते खरं उत्तर नव्हतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आबांनी काठी माझ्या हातात दिली. उजवा हात तिच्या डोक्यावर ठेवला, तिला उठवलं आणि अंगणात उतरले. तिचं मनगट धरून, पाय ओढत, हौद मागे टाकून जीपपर्यंत चालत गेले. इतकं लांब ते झटक्यानंतर कधीच चालले नव्हते. मी काठी घेऊन मागे मागे.

ताई जीपमध्ये बसली. सवयीनं म्हणाली, "येते आबा."

आता 'ये' म्हणायचं होतं. आबांनी जीपचं दार धरलं. जड जिभेनं, एकेक शब्द सुटा करून ते म्हणाले, "गो ऑन."

जीप वळली. मागून आई म्हणाली, "अवो, लेकीला जा म्हनत्यात व्हय?"

आबा रस्त्याकडेच बघत राहिले. त्यांनी कुणाला जा म्हटलेलं मी तेवढं एकदाच ऐकलं.