माझ्यापुरती गॅसबंदी

"सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, उद्या सकाळपासून या घरातील गॅसच्या शेगडीशी माझे सर्व संबंध संपुष्टात येत आहेत. शिजवलेला, उकळलेला, भाजलेला, तळलेला अथवा परतलेला कोणताही पदार्थ यापुढे माझ्या मुखात जाणार नाही. माझ्या नावाने कोणी कुकर लावल्यास त्याची जबाबदारी मजवर राहणार नाही. सदर निर्णय पूर्ण विचारांती घेतलेला असून त्यावर अपील नाही."

हे मी आमच्या मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये, रविवारी दुपारी, जेवणाच्या टेबलाशी उभं राहून म्हटलं. हातात गाजर होतं. दिल्लीच्या हिवाळ्यातलं लालभडक गाजर, चांगलं वीतभर. अशी वस्तू हातात असली की आवाज आपोआप भारदस्त होतो. केंद्र सरकारच्या कचेरीत इतकी वर्षं काढली, पण तिथे माझ्या टिपणांना इतकी शांतता कधी लाभली नव्हती.

श्रोते तीन. नवरा मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे आणि रोज अंधारातच घर सोडतो. त्याने पोळीचा तुकडा मोडत विचारलं, "आणि चहा?"

"चहा उकळतात."

"चहाशिवाय सकाळी तू कशी असतेस ते मी पाहिलंय. उद्यापासून मी आधीची बस पकडतो."

मुलगी कॉलेजात जाते, जन्मापासून दिल्लीतच आहे. ती म्हणाली, "यार मम्मा, म्हणजे गाईसारखं?"

तिसऱ्या श्रोत्या माझ्या सासूबाई. त्यांनी वरणभातावर तूप घेतलं, ते भातात नीट मुरेपर्यंत थांबल्या आणि मग म्हणाल्या, "कच्चं म्हणजे कोशिंबीर. त्यात एवढं उभं राहून सांगण्यासारखं काय आहे? बस खाली. वरण निवतंय."

माझं उभं राहणं नाटकी होतं, हे कबूल. कारण मात्र नाटकी नव्हतं.

त्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझा रक्ताचा रिपोर्ट पाहून चष्मा वर सरकवला होता. "मॅडम, शुगर बॉर्डर पर है. वज़न कम कीजिए. होली के बाद फिर देखेंगे. तब भी यही रहा तो गोली शुरू." बॉर्डर म्हटलं की दिल्लीकराला ट्रॅफिक आठवतो. मला माझी आई आठवली. तिला साखरेचा आजार होता, आणि ती त्याला हसण्यावारी नेत गेली. शेवटच्या वर्षांत ती गॅलरीत भर उन्हात बसायची आणि मला विचारायची, "आज आभाळ आलंय का गं?" मी "हो" म्हणायचे.

हे मी टेबलाशी सांगितलं नाही. गाजर हातात घेऊन सांगता येण्यासारखं ते नव्हतंच.

कच्च्या आहाराचा शोध माझा मीच लावला. डॉक्टरीणबाईंनी त्याचं नावही घेतलं नव्हतं. फोनवरच्या व्हिडिओत एक तुकतुकीत गालांची बाई सांगत होती की आग अन्नाचा जीव घेते, आणि ज्याने आग सोडली त्याचं वजन पाण्यासारखं वाहून जातं. ठामपणे बोलणाऱ्या माणसांवर माझा चटकन विश्वास बसतो, कारण मी स्वतः तशीच बोलते. शिवाय गोळीपेक्षा गाजर बरं, असं वाटलं.

पहिला आठवडा मी शौर्याने काढला. मुहूर्त मात्र चुकला होता. खिडकीबाहेर धुकं इतकं की समोरची सोसायटी गायब, आणि आत माझ्यासमोर गार ताट, त्यात गार मुळा, गार कोबी आणि फ्लॉवरचा एक तुरा. फ्लॉवर कच्चा खाताना आपण फुलदाणी खातोय असं वाटतं. शेजारी नवऱ्याच्या पोळीवर तूप वितळत असायचं. मी तिकडे बघायचे नाही, पण नाकाला पापण्या नसतात.

कचेरी कस्तुरबा गांधी मार्गाजवळ. तिथे आमच्या राज्याचं अतिथिगृह आहे, आणि त्याच्या कँटीनवरून चालत जाताना बटाटेवड्याचा वास अंगावर यायचा. मी पदर नाकाला लावून, वाळीत टाकल्यासारखी पुढे जायचे. दुपारी सगळे हीटरवर मेथीचे पराठे गरम करत आणि मी डब्यातली मोड आलेली मटकी चावत बसे. माझ्या चावण्याचा आवाज तीन टेबलं पलीकडे जात असावा, कारण शेजारच्या सेक्शनमधले एक सज्जन येऊन हळूच म्हणाले, "मॅडम जी, कोई मन्नत मानी है क्या? घर में सब ठीक तो है?"

आठवड्याच्या शेवटी बाथरूममधल्या गिझरकडे बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घरात माझ्या वाट्याला उरलेली ती एकच गरम वस्तू होती.

त्या संध्याकाळी सासूबाई माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिल्या. "तोंड कसं झालंय बघ. उद्यापासून तुझं ते कच्चं माझ्याकडे."

"आई, नियम कडक आहेत हं." सासूबाईंना मी आईच म्हणते.

"माझे काय ढिले आहेत?"

आणि चमत्कार झाला. दुसऱ्या दिवशीच्या डब्यात काकडीची कोशिंबीर होती. तिसऱ्या दिवशी गाजराची. मग कोबीची पचडी, मुळ्याचा चटका, मोड आलेल्या मुगाची ओलं खोबरं घातलेली कोशिंबीर. रविवारी दडपे पोहे, कारण पोहे नारळाच्या पाण्यात भिजतात, शेगडीवर जात नाहीत. रात्री जेवण झाल्यावर वाटीभर शिकरण, कारण केळं कोण शिजवतं? मी वाटी चाटूनपुसून साफ करायचे आणि दर घासाला आश्चर्य करायचे. कच्चं अन्न इतकं चविष्ट असतं आणि मानवजात हजारो वर्षं चुलीपाशी डोळे चोळत बसली, याची मला कीव येऊ लागली.

मी प्रचाराला लागले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सोसायटीतल्या मराठी बायका जमल्या. मी तिळगूळ हातात घेतला, कपाळाला लावला आणि परत ताटात ठेवला. "पाकातला आहे, म्हणजे शिजलेला," मी म्हणाले, आणि सोफ्याच्या मधोमध बसून आगीच्या दुष्परिणामांवर भाषण दिलं. दोघीतिघींनी फोन काढून त्या तुकतुकीत बाईचा व्हिडिओ शोधला. एकीने विचारलं, "पण ताई, जमतं कसं तुम्हाला?" मी सासूबाईंकडे हात करून म्हटलं, "घरात माणूस असावं लागतं." सासूबाईंनी मान खाली घालून पदर सारखा केला. त्या लाजल्या, असं मला वाटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी अर्धी रजा टाकून दवाखान्यात गेले. वेळ तपासणीची नव्हती. मला फक्त माझं यश काट्यावर उभं राहून बघायचं होतं. चपला काढल्या, शाल काढली, स्वेटरही काढला. काटा थरथरला आणि थांबला. वजन वाढलं होतं.

"क्या खा रही हैं आजकल?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कच्चा. सिर्फ़ कच्चा."

त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं तसं मी कचेरीत उशिरा येणाऱ्यांकडे बघते. मी खोटं बोलत नव्हते, आणि तेच वाईट होतं. इतकं सोडूनही वजन वाढत असेल, तर मग आईचं जे झालं ते माझ्या रक्तातच लिहिलेलं असणार. परतीच्या मेट्रोत मी दारावरच्या पट्टीवरची स्टेशनांची नावं वाचली. आधी डावा डोळा झाकून, मग उजवा. अक्षरं स्वच्छ होती. तरी पुढचं स्टेशन आलं की पुन्हा वाचली.

घरी पोचले ती नेहमीपेक्षा बरीच लवकर. दार मुलीने उघडलं. आतून चर्र आवाज आला आणि त्यामागोमाग हिंगाचा वास. मी चपलांसकट स्वयंपाकघरात गेले. सासूबाईंच्या हातात कढलं होतं, कढल्यात तेल, तेलात मोहरी तडतडत होती आणि ओट्यावर माझी काकडी वाट बघत होती.

"आई, हे काय?"

"फोडणी."

"कशाला?"

"कोशिंबिरीला. कशाला म्हणजे काय?"

"आई, मी कच्चं खाते."

"मग काकडी कच्चीच आहे की. मी कुठे काकडी शिजवली?" त्यांनी फोडणी काकडीवर ओतली. "ही नुसती वरून."

मुलगी मागून म्हणाली, "पण आजी, तडका तर गॅसवर होतो ना."

"तडका गॅसवर होतो. कोशिंबीर ओट्यावर होते."

शेजारी दाण्याच्या कुटाचा डबा उघडा होता. मी त्याच्याकडे बोट केलं.

"दाणे भाजल्याशिवाय कूट होतो का?" सासूबाई म्हणाल्या. "सालं तरी निघतील का?"

"किती घालता?"

त्यांनी ओट्यावरची आमटीची वाटी उचलून दाखवली. "तुला भूक लागते, म्हणून थोडा जास्त. आणि चवीला साखर. साखर तर कच्चीच असते."

मी खुर्चीत बसले. सासूबाईंना दोष द्यायला मला तोंड नव्हतं. इतके आठवडे मी ते खात होते. हिंग लागत होता, कढीपत्ता लागत होता, फोडणीत काळी पडलेली मिरचीची टोकं मी स्वतः वेचून ताटाच्या कडेला ठेवत होते. पण फोडणी म्हणजे शिजवणं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्याकडे कोशिंबिरीवर फोडणी असते, ती तिथेच उगवल्यासारखी. मोहरीला झाडावरच तडतडताना कोणी पाहिलेलं नाही, एवढाही विचार मला सुचला नव्हता.

मला हसू फुटलं. मुलगी हसली. सासूबाईही हसायला लागल्या, आणि मग मी वजनाचं आणि रिपोर्टमधल्या साखरेचं सांगितलं. हसता हसताच सांगायचं ठरवलं होतं, पण ते जमलं नाही.

सासूबाईंनी गॅस बंद केला. "तुझ्या आईला होतं, तेच का?"

"अजून नाही. होऊ शकतं."

"डोळे गेले, ते त्यानंच?"

"हो."

त्यांनी कढलं घासायला टाकलं आणि खोलीत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना सगळा प्रकार सांगितला, फोडणीच्या आणि सासूबाईंच्या आवाजांसकट. त्या इतक्या हसल्या की बाहेरच्या पेशंटने दार ढकलून आत पाहिलं. "आग से दुश्मनी करने को किसने कहा था, मॅडम? सब खाइए, पका भी, कच्चा भी. थोड़ा खाइए. चीनी बंद, मूँगफली बस नाम की. और रोज़ चलिए."

अशी गॅसबंदी उठली. पहिला बिनसाखरेचा चहा मी दोन्ही हातांत कप धरून प्यायले. नवरा समोर बसून बघत राहिला आणि म्हणाला, "उद्यापासून माझी नेहमीची बस."

चालायचं कसं, हा प्रश्न सासूबाईंनी सोडवला. सकाळी त्या दाराशी उभ्या होत्या. डोक्याला माकडटोपी, साडीखाली नातीचे गुलाबी बूट. "चल," एवढंच म्हणाल्या. मग रोज धुक्यात आम्ही दोघी सोसायटीच्या बागेला फेऱ्या मारायला लागलो. मी बोलायचे, त्या चालायच्या. कुटाचा डबा वरच्या फळीवर गेला, जिथे फक्त माझ्या नवऱ्याचा हात पोचतो. कोशिंबीर रोज व्हायची, फोडणी चमचाभर तेलाची, कूट मात्र जवळजवळ नाहीच. मधल्या एका एकादशीला तर सासूबाईंनी स्वतःसाठी साबुदाण्याची खिचडी केली तीही कुटाशिवाय. पांढरीफटक, चिकट. मला वाटलं, हा मला टोमणा आहे. मीही मुद्दाम काही विचारलं नाही.

होळी झाली. पुरणपोळी मी अर्धीच खाल्ली, आणि उरलेल्या अर्धीकडे बघणाऱ्या नवऱ्याला ती दानशूरपणे देऊन टाकली. मग तपासणी झाली. रिपोर्ट दाखवायला निघाले तर सासूबाई म्हणाल्या, "मी पण येते." त्यांना दवाखान्याचा वास सोसत नाही. मला नवल वाटलं, पण म्हटलं, सोबत होईल.

डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, मागचा काढून त्याच्याशेजारी ठेवला. मी खुर्चीच्या कडेवर होते. भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता होता आणि मी त्याची शेवटची ओळ वाचत होते, पुन्हा पुन्हा.

"बॉर्डर के इस पार आ गईं आप," त्या म्हणाल्या. "वज़न भी उतरा है. गोली-वोली कुछ नहीं. बस ऐसे ही चलती रहिए, और जाँच कराती रहिए."

खांद्यावरचा भरलेला सिलिंडर कुणीतरी उतरवून ठेवावा, तसं झालं. इतकं हलकं मला काट्यावरही कधी वाटलं नव्हतं. साहजिकच मी उभी राहिले, शाल सारखी केली आणि निवेदनाचा आवाज लावला, कारण अशा क्षणी चार शब्द बोलले नाहीत तर मला अपचन होतं. "डॉक्टर साहिबा, इस ऐतिहासिक अवसर पर..."

पण माझ्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. सासूबाई टेबलावरून पुढे वाकल्या होत्या. त्यांनी डॉक्टरीणबाईंचं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं, आणि कुटाशिवायची ती खिचडी कशासाठी होती हे मला कळायच्या आतच त्या आपल्या हिंदीत बोलून गेल्या,

"तो मेरे दाण्याच्या कूट से इसकी आँखें नहीं जाती ना?"