साहेब, तिच्याकडं बघून बोला

"घोषणा कवा सुरू व्हायच्या, ताई?" बंदोबस्तावरच्या हवालदारांनी विचारलं.

"सुरू झाल्यात की."

सांगलीत सरकारी कचेरीसमोर रस्त्याच्या कडेला शे-सव्वाशे माणसं उभी होती. सगळी कर्णबधिर. सगळ्यांचे हात एकदम वर जात होते, एकदम थांबत होते. हवालदार बघत राहिले. "लय शिस्तीचा मोर्चा हाय," म्हणाले.

मी सांकेतिक भाषेची इंटरप्रिटर, म्हणजे दुभाषी. खुणांचं बोलणं आवाजात सांगायचं, आवाजातलं खुणांत. आमचा नियम असा की समोरचा 'मी' म्हणाला, तर आपणही 'मी'च म्हणायचं. पदरचं काही घालायचं नाही.

बाराच्या सुमारास साहेब खाली आले. निवेदन घेऊन शैला पुढं झाली. ती तासगावला बेदाण्याच्या शेडवर काम करते. तिचे हात चालू झाले, मी बोलू लागले.

"दवाखान्यात माझा अंगठा घेतला. कशावर, ते कळलं नाही. मला वाचता येत नाही. शुद्धीवर आले तेव्हा पोट शिवलेलं होतं आणि बाळ जवळ नव्हतं. ते आहे की गेलं, हे मला दोन दिवस कुणी सांगितलं नाही."

साहेब हादरले. "आता कसं आहे तुमचं बाळ?" त्यांनी मलाच विचारलं.

"बाळ तिचं आहे, साहेब. तिच्याकडं बघून बोला."

"हो, हो. तिला सांगा मॅडम, चौकशी करू म्हणून."

नजर परत माझ्यावरच. शैलानं हात खाली घेतले. तिच्यामागचे सगळे हात खाली आले. माझ्या ओठांवर चार शब्द आले होते. पण ते माझे होते, तिचे नव्हते. मी गिळले.

मग आधीच करायला हवं होतं ते केलं. शैलाच्या शेजारून निघाले आणि तिला माझे हात दिसतील अशी साहेबांच्या खांद्यामागं जाऊन उभी राहिले. आता त्यांच्यासमोर एकटी शैला होती.

साहेबांनी तिच्याकडं बघितलं. "तुम्हाला काय हवंय?" त्यांनी तिला विचारलं.

"अंगठा घ्यायच्या आधी इंटरप्रिटर बोलवा," ती म्हणाली. मग हसली. "बाळ बरं आहे. मुलगी आहे."

आठवड्याभरात दवाखान्याला तसं पत्र निघालं. तिथल्या काउंटरवर माझा फोन नंबर लिहून लावला. चौकशीचं मात्र अजून काही कळलेलं नाही.

कुठं उभं राहायचं, हे ट्रेनिंगच्या पहिल्याच आठवड्यात शिकवतात. गडबडीत मी विसरले होते. आता कुठंही गेले की आधी जागा बघते. नमस्कार-चमत्कार नंतर.