बाउझर कुणी हलवला

ईरप्पा हत्तुरे हवाई दलात पंधरा वर्षं होता, पण विमानात एकदाही बसला नाही. त्याचं काम जमिनीवरचं. इंधनाचा मोठा टँकर, ज्याला तिकडं बाउझर म्हणत, तो चालवायचा आणि लढाऊ विमानांना तेल पाजायचं. रोज सकाळी पहिल्या विमानाआधी तो टाकीच्या तळाची तोटी सोडून काचेच्या बरणीत थोडं तेल घेई आणि उजेडाकडं धरून बघे. त्यात पाण्याचा थेंब दिसला तर सगळं तेल बाद. वर आभाळात इंजिन बंद पडलं तर वैमानिकाला रस्त्याकडेला थांबता येत नाही, असं तो नव्या पोरांना सांगायचा.

त्याच्या स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे विमानांच्या तुकडीत, सोलापूर जिल्ह्यातले दोघंच. एक ईरप्पा, घरात कानडी बोलणारा, दक्षिण सोलापूरचा. दुसरा सांगोल्याच्या पलीकडच्या एका वाडीचा गुंडा कोळेकर, मेंढपाळाचा मुलगा, ईरप्पापेक्षा दहा वर्षांनी लहान. दोघंही बाउझरवर. पंजाबी नि मल्याळी बोलण्याच्या गराड्यात ते जेवायला शेजारी बसत आणि गावच्या मराठीत तासभर भांडत. भांडण बहुतेक वेळा कडक भाकरी चांगली की मऊ यावरून असे.

एकाहत्तरच्या डिसेंबरात स्क्वाड्रन पश्चिम सीमेजवळच्या वाळवंटी विमानतळावर होतं. एका सकाळी चार विमानं तेल भरून ओळीनं उभी होती. ईरप्पानं शेवटच्या विमानाचा पाइप काढला आणि तेवढ्यात भोंगा झाला. हुकूम ठरलेला होता : भोंगा झाला की सगळ्यांनी खंदकात जायचं. ईरप्पानं बाउझर तिथंच सोडला आणि उडी मारली. पहिला बाँब लांब पडला. दुसऱ्याचे तुकडे बाउझरच्या मागच्या अंगाला लागले आणि पाइपाच्या कपाटातून धूर निघू लागला. विमानं तिथून वीस पावलांवर होती.

ईरप्पानं ते पाहिलं. उठावं असं त्याला वाटलंही. पण पाय उठले नाहीत.

शेजारच्या खंदकातून गुंडा धावला. किल्ली गाडीतच होती. जळता बाउझर त्यानं सरळ धावपट्टीबाहेर, वाळूत नेला. तीनशे पावलं गेल्यावर टाकीनं पेट घेतला. चारही विमानं तासाभरात सुखरूप आभाळात गेली. गुंडा दुपारी गेला.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "बाउझर कोणाच्या ताब्यात होता?"

"माझ्या, सर."

"तुम्ही कुठं होता?"

"खंदकात."

"बरोबर," असं म्हणून साहेबांनी लिहून घेतलं. ईरप्पाला कुणी बोल लावला नाही. गुंडाच्या आईला तार गेली. ईरप्पाला तिला पत्र लिहायचं होतं, पण ते त्याच्याच्यानं झालं नाही.

त्र्याहत्तरच्या सुरुवातीला त्याची सेवा संपली आणि तो सोलापुरात आला. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. टँकर चालवणारा माणूस म्हणून त्याला लगेच पाण्याच्या गाडीवर घेतलं आणि सांगोल्याकडच्या वाड्यांवर धाडलं. तिसऱ्या दिवशीच्या यादीत गुंडाची वाडी होती. रांगेत घागर घेऊन उभी असलेली एक उंच म्हातारी, गुंडाची आई, त्यानं तिच्या गुंडासारख्या हनुवटीवरूनच ओळखली.

"केराबाई का तुमी?"

"व्हय. तुमी कोन?"

"मी गुंडासंगं होतो. ईरप्पा."

तिनं घागर खाली ठेवली. "त्याच्या कागदात तुजं नाव असायचं की," ती म्हणाली. त्या दिवसापासून टँकर आला की ती त्याला भाकरी द्यायची. पाण्याची घागर जेवढी जपून न्यायची, तेवढीच जपून ती भाकरी आणायची. विचारायची मात्र काहीच नाही. ईरप्पा मान खाली घालून खायचा. पाऊस झाला, टँकर बंद झाले आणि त्यानं वाडीची वाट सोडली ती सोडलीच.

पंच्याहत्तर साली त्याला स्क्वाड्रनचं पाकीट आलं. स्क्वाड्रनचा इतिहास छापायचा होता. युद्धाच्या दिवसांची टंकलेली पानं सोबत होती, वाचून काही चूक असल्यास कळवावी, अशी विनंती होती. किती उड्डाणं झाली, कोणते पूल पाडले, सगळं तारीखवार होतं. त्या सकाळबद्दल एकच ओळ होती : शत्रूच्या हल्ल्यात इंधनाची एक गाडी नष्ट, एक जवान मृत.

दोन दिवस ती पानं ट्रंकेवर पडून राहिली. तिसऱ्या दिवशी बायकोनं, चंद्रव्वानं, विचारलं तेव्हा ईरप्पानं चार वर्षांत पहिल्यांदा सगळं सांगितलं.

"होगली बिडी," ती कानडीत म्हणाली, "जाऊ द्या. खंदकात जायचा हुकूमच व्हता न्हवं?"

"व्हता."

"मग तुमचं काय चुकलं?"

"गुंडाला बी त्योच हुकूम व्हता," ईरप्पा म्हणाला.

चंद्रव्वानं स्टुलावरची भांडी उचलली आणि त्याला लिहायला जागा करून दिली. दलात शिकलेल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत ईरप्पानं दोन पानं लिहिली. बाउझर माझा होता, मी खंदकात होतो, तो गुंडा कोळेकरनं हलवला, नाहीतर चार विमानं गेली असती. पण पत्र टाकायच्या आधी तो एसटीनं सांगोल्याला गेला आणि तिथून चालत वाडीवर. हे केराबाईला कागदावरून कळू नये असं त्याला वाटत होतं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग उठली, काठी घेतली आणि मेंढरांमागं माळावर निघून गेली. ईरप्पा दिवस कलेपर्यंत अंगणात बसला. ती परतली नाही. सांगोल्यात येऊन त्यानं पत्र पेटीत टाकलं.

पुढच्या वर्षी पुस्तक आलं. गुंडावर अर्धं पान होतं, पूर्ण नावासकट. ईरप्पाबद्दल एवढंच की चालकानं आदेशानुसार आसरा घेतला होता. ते वाक्य त्यानं तीन वेळा वाचलं. मग पुस्तक पिशवीत घालून तो पुन्हा वाडीवर गेला. हाकलून दिलं तर दारात ठेवून यायचं, असं ठरवून.

केराबाईनं हाकललं नाही. "वाच," म्हणाली. त्यानं मराठी करून वाचलं. साहेबांनी गाळलेलं स्वतःच्या तोंडानं पुन्हा सांगितलं.

"ते मागंच आयकलं म्या," ती म्हणाली. "लई राग आला व्हता तुजा. अजून हाय थोडा. एक सांग. लगीच गेला का त्यो?"

ईरप्पाला खोटं बोलता आलं असतं. "न्हाय. दुपारपतूर व्हता. मी जवळ व्हतो."

"बोलला?"

"मेंढरं आली का, म्हनत व्हता. सारखं त्येच. तितं दुसऱ्या कुनाला मराठी कळत न्हवती."

"मग तू काय म्हनलास?"

"आली म्हनलं. समदी आली. मग गप पडला."

केराबाईनं पदर तोंडावर घेतला. पदराआडूनच ती म्हणाली, "बरं केलंस." आणि मग, "ह्यात त्याचं नाव कुटं हाय?"

ईरप्पानं तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं.

त्यानंतर तो दर दोन-तीन महिन्यांनी वाडीवर जात राहिला. कधी चंद्रव्वाही सोबत असे. एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात केराबाई गेली, तेव्हा भावकीनं सोलापूरला निरोप धाडला होता आणि ईरप्पा येईपर्यंत तिला उचललं नव्हतं.