आईच्या पोपटाची उलटी बाजू

मंडळी, आज हसू आणि रडू एकदमच आलं.

आईच्या लग्नाआधीच्या अभ्र्यावर साखळी टाक्याचा पोपट आहे. आई गेल्यापासून मी जुने टाके शिकतेय. तोच पोपट रुमालावर भरला आणि कोंढा गावच्या मावशीला दाखवला. तिनं आधी रुमाल उलटला.

"मावशी, मांगून काहून पाहून राहिली?"

"आमच्या वक्ती पोरगी पाहाले आलेले लोक भरतकाम उलटूनच पाहत. मांगं गाठ दिसली का पोरगी गबाळी! तुह्या मायले तं सुई धरता येत नोती. तो पोपट मीच भरून देला होता."

म्हणूनच आई मला शिकवायचं टाळायची तर!

माझ्या रुमालामागे सात गाठी निघाल्या. मावशीनं त्या कापायला कात्री उचलली. मी रुमाल ओढून घेतला.

राहू दे गं, आईवर गेलेय मी.